सोयगावपर्यंत डावीकडे झुकून

निघायच्या दिवशी तात्यांनी जीपच्या बॉनेटवर नारळ वाढवला, खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाले, "बाबल, चलवत व्हर. ओढून व्हरूची पाळी इली तर थयसून हयच परत हाड." (चालवत ने. ओढून न्यायची पाळी आली तर तिथून इथेच परत आण.) तोंडात खोबरं असल्यामुळे मी नुसती मान हलवली.

तात्या म्हणजे माझे मालक. देवगडच्या दक्षिणेला आमचं एक लहानसं बंदर आहे, तिथे त्यांची आंब्याची बाग. सातवीनंतर मी शाळा सोडली. खरं सांगायचं तर शाळेने आणि मी, दोघांनीही एकमेकांचा नाद सोडला. तेव्हापासून मी तात्यांच्या घरचं खाऊन वाढलो. जीप चालवायला त्यांनीच शिकवलं. त्यांची एकुलती मुलगी शकुताई आणि मी बरोबरच शिकलो. ती भराभर शिकली, मी घाबरत घाबरत. पुढे ती जनावरांची डॉक्टर झाली आणि लग्न होऊन पार अजिंठ्याच्या डोंगराखाली सोयगावला गेली. तिथल्या वस्त्यांवर एखादी म्हैस अडली की तिला बैलगाडीतून जावं लागे, आणि ती पोचेपर्यंत पुष्कळदा सगळं आटोपलेलं असे. जावई जळगावला नोकरीला, त्यांची मोटारसायकलही तिकडेच. म्हणून तात्यांनी आपली जुनी जीप लेकीला द्यायची ठरवली.

तिच्या सासऱ्यांना, दादारावांना, हे काही पसंत नव्हतं. त्यांनी फोनवर तात्यांना स्वच्छ सांगितलं, "पाडव्याला गाडी माझ्या दारात सवताच्या पायानं आली तर छपरात जागा. वढत आणली तर तशीच भंगारात. मंग बोल लावायचा नाय."

एवढीच अट होती. पण तात्यांच्या घरात त्या अटीने कोणाला जेवण गोड लागेना.

तात्यांनी जीपची तयारी केली ती बंदरावरच्या रिवाजाने. होड्या रंगवणाऱ्या धोंडूला बोलावलं. आमच्याकडे खारा वारा लोखंडाला जगू देत नाही, त्यामुळे उघडं लोखंड दिसलं की आम्हाला लाज वाटते. धोंडूने जीपचा एकूण एक सांधा सोडवला, आतून-बाहेरून होडीचा निळा रंग दिला, तो वाळल्यावर आणखी एक हात मारला, मग सांधे परत आवळले आणि खालून सगळीकडे तारलीचं तेल (होडीच्या लाकडाला लावतात ते माशाचं तेल) चोपडलं. "आता दर्यात घातलंस तरी काय होवचा नाय," तो म्हणाला. मला फार धीर आला. मी जाणार होतो ते मात्र दर्याच्या बरोबर उलट्या दिशेला.

घाट, कोल्हापूर, पुणे, नगर. जीप एखाद्या गुणी बैलासारखी चालली. डाव्या सीटवर शकुताईसाठी उकड्या तांदळाचं पोतं होतं. ते आत पडू नये म्हणून मी बाहेरच्या बाजूला कलतं ठेवून दोरीने करकचून बांधलं होतं. रस्त्यात ते घाबरलेल्या पाहुण्यासारखं गप्प बसून होतं आणि मी त्याच्याशी बोलत होतो. एकच त्रास. ऊन चढलं की तारलीचं तेल वास सोडायचं आणि जिथे थांबू तिथे मांजरं जमायची. नगरजवळच्या एका ढाब्यावर तर ढाबेवाल्याने मला विचारलं, "मासळी घेऊन चाललात का?" नाही म्हटल्यावर त्याने जीपखाली वाकून बघितलं. सात-आठ मांजरं चाकांजवळ पूजेला बसल्यासारखी बसली होती.

नगर मागे पडल्यावर पुढच्या शहराच्या अलीकडे एका वाहतूक पोलिसाने अडवलं. "ए कोकण, हे पोतं बाहेर लोंबतंय. कुणाच्या अंगावर पडलं म्हणजे? मागं टाक."

मी पोलिसांना फार घाबरतो. लगेच दोरी सोडली, पोतं मागे टाकलं, त्यांना नमस्कार केला आणि निघालो. माझ्या प्रवासातला सुखाचा भाग इथे संपला.

छत्रपती संभाजीनगर, तेव्हा पाट्यांवर औरंगाबाद होतं. मी क्रांती चौकात शिरलो तो पाडव्याच्या आदल्या दिवशी, भर गर्दीत. चौकाच्या मधोमध जीपने एक उचकी दिली आणि बंद पडली. चावी फिरवली, नुसतं 'टक'. हॉर्न दाबला तर हॉर्नऐवजी वायपर थरथरला. ब्रेकवर पाय ठेवला तर पुढचे दिवे डोळे मिचकावल्यासारखे मिणमिणले. काहीच सुचेना म्हणून चोकचं बटण ओढायला गेलो तर ते तव्यासारखं तापलेलं. बोटं भाजली. मागून रिक्षा, सायकली, एक ट्रक, सगळे एकदम बोलत होते. मला काही वर्षांपूर्वी मेलेली माझी आजी आठवली. ती अशा वेळी "गप रव" (गप्प राहा) म्हणायची. मी गप्प राहिलो. त्याचा उपयोग झाला नाही.

चार-पाच जण ढकलायला पुढे आले. त्यांच्या बरोबरीने एक भारदस्त गृहस्थ आले. चांगले दोन माणसांचे एक. धोतर, काळी टोपी, हातातल्या पिशवीतून कडुलिंबाचे डहाळे आणि साखरेच्या गाठी डोकावत होत्या. ते ढकलणाऱ्यांत सामील होतील असं वाटलं, पण ते थेट येऊन डाव्या सीटवर बसले.

"ढकला," ते म्हणाले. "मी आत बसून सांगतो."

"काका, तुमी बी उतरा की!" मागून एक रिक्षावाला ओरडला. "तुमचंच वजन जास्त हाय."

"कोणीतरी देखरेखीला लागतं की नाही? तीस वर्षं भूमापनात काढलीत मी. साखळी धरणारे वेगळे आणि सांगणारा वेगळा." मग माझ्याकडे वळून, "फिरवा चावी."

"काका, मघाशी फिरवली. होत नाही."

"मघाशी मी नव्हतो."

मी चावी फिरवली. जीप एका झटक्यात सुरू झाली. ढकलणारे तोंडावर पडता पडता वाचले.

कुलकर्णीकाकांना (हे त्यांचं नाव) याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. शहागंजात त्यांच्या ओळखीचे उस्ताद आहेत, त्यांना गाडी दाखवू, आपलं घरही तिकडेच, असं त्यांनी परस्पर ठरवलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना वाटेत तीनदा थँक्यू म्हणालो. "पोलीस ॲक्शननंतर या शहरात फौजेच्या जिपा आल्या," ते सांगत होते, "तेव्हा मी पोरगा होतो. रस्त्याच्या कडेला उभा राहून बघायचो. बसायला आज मिळालं."

शहागंजात बाजार सणासाठी ओसंडून वाहत होता. एका बोळाच्या तोंडाशी रफीक उस्तादांची टपरी होती. काका उतरले. जीप बंद पडली. उस्तादांनी चावी फिरवली. टक. काका बसले. सुरू. काका उतरले. बंद.

उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. "चाचा, फिरसे बैठो."

काका बसले. सुरू.

"उतरो."

बंद.

"ये क्या तमाशा है मियाँ," उस्ताद मला म्हणाले, जणू मीच काकांना कोकणातून बरोबर आणलं होतं.

पुढचे दोन-तीन तास त्यांनी सगळं तपासलं. प्लग काढून घासले, पॉइंट साफ केले, कॉइल बदलून बघितली, कार्बुरेटर उघडून फुंकला. खाऱ्या पाण्यापासून वाचावी म्हणून तात्यांनी बॅटरी डाव्या सीटखाली बसवून घेतली होती. उस्तादांनी तीही वाकून बघितली. पाणी भरलेलं, वायरी नव्या, नट घट्ट. "सब टाइट है. दुल्हन के माफिक रंगी हुई है," ते म्हणाले आणि सीट परत टाकली. मग माणसांची परीक्षा सुरू झाली. डाव्या सीटवर स्वतः उस्ताद बसले. टक. एक रिक्षावाला बसला. टक. शेजारचा खरबूजवाला, तो काकांपेक्षा फार हलका नव्हता, तो बसला. गाडी एकदा कण्हली आणि गप्प. रिक्षावाला आणि खरबूजवाला एकमेकांच्या मांडीवर बसले. तरी टक. काका बसले. सुरू.

एव्हाना जीपच्या खाली शहागंजातली मांजरं आणि वर शहागंजातली माणसं जमली होती. कोणी म्हणालं गाडीला बामनाचा पायगुण मानवतो. कोणी म्हणालं काकांच्या पिशवीतल्या कडुलिंबाचा गुण आहे. म्हणून काकांना पिशवीशिवाय बसवून पाहिलं आणि मग पिशवी एकटीला बसवून पाहिलं. पिशवीने गाडी चालली नाही.

शेवटी उस्तादांनी हात पुसले. "सुनो मियाँ. मर्ज (आजार) मेरेकू नहीं मिला. इलाज मिल गया. इलाज चाचा हैं. इनकू लेके जाओ."

"उस्ताद, सोयगावपर्यंत?"

"हौ. और कायकू फिकर करते? चाचा कू पेट्रोल नक्को, चाय होना." (नक्को म्हणजे नको, होना म्हणजे हवा.) मी मजुरीचं विचारलं तर ते रागावले, "काम हुआ क्या? फिर?" आणि उलट समोरच्या हॉटेलातून नान-खलिया (तिखट रश्श्यातलं मटण आणि पिवळी, जाड नान) मागवून मला पाटावर बसवून खायला घातलं. इतक्या लांब, ओळख ना पाळख. मी ताट पुसून खाल्लं. काका तेवढा वेळ, शाकाहारी असल्याने, पाठ करून जीपमध्ये बसून राहिले. इंजिन बंद करायची त्यांनी परवानगी दिली नाही.

रात्री काकांकडेच राहिलो. काकू दारातच म्हणाल्या, "कडुलिंब आणायला गेला होतात ना? हे काय आणलंत?"

"गाडी माझ्याशिवाय चालत नाही. उद्या सोयगावला जावं लागणार."

"पाडव्याला? अहो, घरातला दिवा गेला तर स्टूल आणेपर्यंत दोन दिवस लावता तुम्ही! घर तुमच्याशिवाय नीट चालतं म्हणून सांगते." पण माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "बस बाबा. धपाटे केलेत. दही घे. आई आहे का घरी?"

नाही म्हटलं. त्यांनी पानात आणखी एक धपाटं टाकलं.

सकाळी काकांनी गुढी उभारली, आम्हाला कडुलिंबाची गोळी खायला लागली आणि आम्ही निघालो. गल्लीतली माणसं बघायला उभी होती. काका हळूच सीटवर टेकले. त्यांचा उजवा गुडघा दुखरा, त्यामुळे ते सगळा भार डाव्या अंगावर टाकून, बाहेर कलून बसत. जीप सुरू झाली तशी कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांनी हात वर केला. मला वाटतं, निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी निरोप दिला नसावा.

फुलंब्री, सिल्लोड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मधूनच पेटल्यासारखा पळस. दारोदार गुढ्या. सिल्लोडला चहाला थांबलो तेव्हा काका उतरले नाहीत, चहा जीपमध्ये मागवला. चहावाल्याने विचारलं, "पाय दुखत्यात का काका?"

"नाही. मी उतरलो की इंजिन बंद पडतं."

चहावाल्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

खरी गंमत, म्हणजे आता गंमत, तेव्हा नव्हती, ती अजिंठ्याच्या घाटात. सकाळी लवकर उठल्यामुळे काकांना पेंग यायला लागली. पेंग आली की ते आत, माझ्या बाजूला कलायचे. ते आत कलले की इंजिन गचके द्यायचं. डाव्या वळणावर तर ते आपोआपच माझ्या अंगावर यायचे आणि जीप उतारावर मुकी व्हायची. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, खांद्यावर झोपलेले काका. मी देवाची सगळी नावं घेतली आणि मग सुचलं की यांना बोलतं ठेवलं पाहिजे.

"काका! सातबारा म्हणजे काय हो?"

ते खाडकन जागे झाले, डावीकडे सरकले, जीप गुरगुरून उठली. "चांगला प्रश्न विचारलात. बघा, गाव नमुना सात वेगळा आणि बारा वेगळा..."

घाट उतरेपर्यंत मी सातबारा, आठ-अ, फेरफार, गटवारी, बांधाचे तंटे, निजामाच्या काळची मोजणी आणि पोलीस ॲक्शननंतरची मोजणी, एवढं सगळं ऐकलं. शाळेत मला इतकं कोणी शिकवलं नव्हतं आणि शाळेत मी इतक्या जिवाच्या आकांताने प्रश्नही विचारले नव्हते. डावं वळण दिसलं की मी ओरडायचो, "काका, आणि हद्दीचा दगड हलवला तर?" आणि ते संतापाने बाहेर कलायचे. अशा तऱ्हेने आम्ही फर्दापूरला सुखरूप उतरलो आणि केळीच्या बागांमधून सोयगावकडे वळलो.

दादारावांच्या अंगणात पाडव्यासाठी सगळी भावकी जमलेली होती. दारात उंच गुढी, एका बाजूला छप्पर, छपराखाली शिंगं रंगवलेले बैल आणि त्यांची गाडी. शकुताईच्या सासूबाई आरतीचं तबक घेऊन उभ्या. आणि मधे बाजेवर पांढऱ्या मिशांचे दादाराव. आम्ही फाटकातून आत शिरलो. चालत. स्वतःच्या पायाने. शकुताईने मला बघितलं आणि तोंडावर हात धरला. माझ्या डोळ्यांपुढे सगळं पाण्यात बघितल्यासारखं हललं.

"आली की," दादाराव म्हणाले. "बरं. या पाव्हणं, उतरा."

काका हलले नाहीत. "इथेच बरं आहे."

"आवं, सणाचं पाव्हणं गाडीतच बसत्यात व्हय? पाय धुवा, पाणी घ्या." दादारावांनी स्वतः येऊन काकांच्या दंडाला धरून त्यांना खाली घेतलं. मराठवाड्यात पाहुण्याला असा मान देतात, नाही म्हणता येत नाही.

जीप बंद पडली.

दादारावांनी जीपकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "आता बसा बरं."

काका बसले. सुरू.

"उतरा."

बंद. भावकीतल्या कोणाला तरी हसू आवरलं नाही, मग कोणालाच आवरलं नाही.

"म्हंजी गाडीसंगं ह्यो माणूस बी देनार का आमच्या सुनंला?" दादाराव म्हणाले. "ती रातच्याला वस्तीवर जायची तवा काकास्नी शेजारी बसवून न्यायचं? हे चालत येनं नाय. हे भाड्याचे पाय झाले." मग घरातल्या गड्याला, "उद्या भंगारवाल्याला सांगावा धाड."

मी रडायच्या बेताला आलो होतो. शकुताई मात्र पदर खोचून जीपजवळ आली. तिने चावी फिरवली, टक. चोकला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "हिला ताप आहे रे बाबल."

"मलाही भाजलं, ताई. कालपासून असंच."

"जी जागा तापायची नाही ती तापतेय. म्हणजे जिथून जायला हवं तिथून वाट नाही, म्हणून करंट भलतीकडून चाललाय." तिने बाही वर केली. "जनावर सांगत नाही कुठं दुखतं ते. दाबून बघावं लागतं. चावी धर तू."

ती डाव्या सीटवर हात टेकून सगळा जोर लावून दाबत गेली. मधे दाबलं, टक. आतल्या कडेला, टक. बाहेरच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी रेलली तेव्हा इंजिन घुमलं.

"इथं!" ती म्हणाली. "आधी इथं काय होतं?"

"आधी पोतं होतं," मी म्हणालो. "तुमचंच तांदळाचं. बाहेरच्या अंगाला कलतं ठेवलेलं. पोलिसाने मागे टाकायला लावलं आणि मग..." मी सीटखाली वाकलो.

आम्ही सीट काढली. बॅटरीची जाड काळी वायर सीटच्या बाहेरच्या पायाशी नटाखाली आवळलेली होती. तिथून वीज गाडीच्या लोखंडात परत जायची. नट घट्ट होता. पण वायर आणि लोखंड यांच्या मधे धोंडूच्या होडीच्या रंगाचे दोन हात होते, भाकरीच्या पापुद्र्याएवढे जाड, निळेशार, गुळगुळीत. वर भलामोठा भार एका अंगाने पडला तरच वायर त्यातून कशीबशी लोखंडाला शिवायची.

"हे कोणी रंगवलं?" शकुताईने विचारलं.

"बंदरावरच्या धोंडूने. सांधेसुद्धा आतून."

ती खाली बसून हसायला लागली. हसता हसता तिने आपल्या पेटीतून जनावरांचे खूर तासायचा चाकू काढला आणि रंग खरवडायला घेतला. मी तिचा हात धरला. "ताई, नका! लोखंड उघडं पडेल!"

"बाबल," ती म्हणाली, "हे सोयगाव आहे. इथं समुद्र यायचा असेल तर आधी अजिंठ्याचा डोंगर चढून उतरावा लागेल त्याला."

लोखंड चकाकलं. मला ते बघवेना. वायर परत आवळली, सीट बसवली. सीट रिकामी. तिने चावी फिरवली आणि जीप पहिल्या हाकेला उठली.

सगळे ओरडले. फक्त काका बाजेवर पाय धुतलेले तसेच ओले ठेवून बसले होते. "चालली?" त्यांनी विचारलं.

"चालली, काका."

"कोणी नसताना?"

"कोणी नसताना."

"चांगलं झालं," ते म्हणाले आणि टोपी काढून परत घातली.

दादारावांचं अजून समाधान झालं नव्हतं. "येशीपर्यंत एकटी नेऊन आण," ते सुनेला म्हणाले. "मंग बघू." सासूबाईंनी तबकातलं निरांजन पेटवलं. जीप फाटकातून बाहेर पडली.

आम्ही वाट बघत राहिलो. निरांजनातलं तूप संपलं, सासूबाईंनी परत घातलं. वेस काही लांब नव्हती. मुलं रस्त्यावर जाऊन बघून आली. कोणी दिसत नाही म्हणाली. काका उठून उभे राहिले. "मी म्हटलं होतं," ते पुटपुटले, पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

"गेली बंद पडून," दादाराव शेवटी म्हणाले. "बैलं सोडा. दोर घ्या."

मग रंगवलेल्या शिंगांचे बैल, त्यांच्यामागे दोर घेतलेला गडी, दादाराव, काका, भावकी, तबक घेतलेल्या सासूबाई आणि मी, असे सगळे वेशीपर्यंत गेलो. वेशीपाशी जीप नव्हती. तिथला पानवाला म्हणाला, "डाक्टरीणबाई व्हय? त्या गेल्या की. तांड्यावरचा एकजण सायकलवर बोलवायला येत हुता, त्याची म्हस अडलीय. बाईंनी सायकल मागं टाकली, त्याला शेजारी बसवलं, गेल्या धुरळा उडवत."

आम्ही सगळे दोर घेऊन वेशीत उभे. बैलांनाही काय करावं कळेना. कोणी परत जायला तयार नव्हतं. पानवाल्याने सगळ्यांना पान लावून दिलं. दादाराव एका दगडावर बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने धूळ दिसली, मग निळी जीप. शकुताईच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, कपाळाला रक्ताचा डाग. मागे सायकल नव्हती आणि शेजारी कोणी नव्हतं. ती एकटी होती. तिने आमची मिरवणूक बघितली, बैल बघितले, दोर बघितला.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "कुणाला ओढायला निघालात?"

"म्हस?" दादारावांनी विचारलं.

"बरी आहे."

"रेडकू?"

"रेडी झालीय. उभी राहिली."

दादाराव दगडावरून उठले. जीपला एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला आणि तो गरम लागला तरी उचलला नाही. "बैलगाडीत गेली असतीस तर?" त्यांनी विचारलं.

तिने आपल्या भिजलेल्या बाह्या पिळल्या.

घरी परतल्यावर त्यांनी गड्याला हाक मारली. "बैलगाडी भाईर काढ. आन जीप आत घे." गडी दोनदा "काय?" म्हणाला. "ऐकू येत नाय का? गाडी भाईर. मोटार छपरात." सासूबाईंनी ओवाळलं. जीप छपरात गेली, तिच्या जागी नीट मावली, आणि बैलगाडी पाडव्याच्या उन्हात उघड्यावर उभी राहिली.

भरीत, भाकरी, पुरणपोळी असं जेवून दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने परतलो. वाटेत काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "एक करा. घरी हिला सांगू नका ते खरवडल्याचं." मी नाही सांगितलं. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणालो की काका नसते तर गाडी सोयगावला पोचलीच नसती, आणि हे अगदी खरं होतं. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला वाटेसाठी धपाट्यांचा डबा बांधून दिला. शहागंजात उस्तादांना भेटायला गेलो तर त्यांनी आधी चाचांची तब्येत विचारली, मग गाडीची.

आमच्याकडे म्हणतात तसं, मी फार धीराचा माणूस नाही. गाव सोडलं की मला सगळीकडे अडचणच दिसते. पण त्या शहरात माझी गाडी चौकात बंद पडली तेव्हा कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कोणी ढकलायला आलं, कोणी बसायला आलं. त्या सगळ्यांची नावं-पत्ते मी अजून सांगू शकतो, आणि त्यातल्या कोणाचं काही फेडायचं राहिलं असेल तर सगळ्यांचंच.

मी घरी पोचलो तेव्हा तात्या पडवीत बसले होते. मी एकटा, पायी. त्यांनी माझ्या पाठीमागे रस्त्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तिका खय ठेवली?" (तिला कुठे ठेवली?)

"छपरात," मी म्हणालो. "बैलगाडी बाहेर काढून."

तात्यांनी मला पडवीत शेजारी बसवलं. म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. त्या संध्याकाळी शेजारचे आले, दुसऱ्या दिवशी धोंडू आला, मग बंदरावरचे सगळेच येत गेले, आणि प्रत्येक वेळी तात्या मला आतून हाक मारत, "बाबल, ता बैलगाडीचा सांग." मी सांगतो. दर वेळी ती बैलगाडी थोडी मोठी होते, बैल थोडे उंच होतात, आणि तात्यांनी मला अजून एकदाही हटकलेलं नाही.